टाळांच्या वरचा आवाज

चैत्र पौर्णिमेच्या आदल्या रात्री कर्जत तालुक्यातल्या कितीतरी गावांत कोणी नीट झोपत नाही. मारुतीच्या देवळापुढे मांडव पडलेला असतो, सप्ताहाचे दिवस संपत आलेले असतात, वीणा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जात पहारा अखंड चालू असतो. उजाडताना हनुमानजन्माचं कीर्तन आणि सूर्य वर आला की सुंठवडा. माझ्या मावशीचं गाव राजनाल्याच्या कडेला आहे. भिवपुरीच्या वीजघरातून वीज करून झालेलं पाणी या कालव्याने पुढे शेतांत येतं. त्यामुळे सगळं रान वाळून गेलेलं असताना इथे उन्हाळी भात उभं असतं. त्या रात्री मी भजनाला म्हणूनच गेले होते, पण झोळीत ट्रान्झिस्टरएवढं एक यंत्र होतं. त्याला बॅट डिटेक्टर म्हणतात. आपल्या कानांना न पोचणारे आवाज पकडून ते ऐकू येतील इतके खाली आणायचे, एवढंच त्याचं काम.

सूर्य मावळून वीसेक मिनिटं झाली आणि देवळाच्या कौलांखालून पहिलं वटवाघूळ निसटलं. मागून दुसरं, मग पाच-सहा. काड्यापेटीत मावतील एवढी ही पिपिस्ट्रेल वटवाघळं गावातल्या जुन्या कौलारू घरांच्या फटींतून राहतात आणि डोक्यावरून जाताना आपण त्यांना पाखरं समजतो. यंत्राची चकती मी ४५ किलोहर्ट्झवर आणली. आधी नुसती खरखर आली. मग फरशीवर थेंब पडावेत तसं टप्, टप्, टप्. वटवाघूळ खांबावरच्या दिव्याकडे वळलं तसे थेंब दाट झाले आणि एकाएकी कापड टरकावं तशी एक बारीक फर्र्. मग क्षणभर सामसूम. त्या क्षणात एक पतंग संपला होता.

ती फर्र् म्हणजे शिकारीची शेवटची ओळ. मोकळ्या हवेत फिरताना वटवाघूळ सेकंदाला दहाएक हाका देतं. भक्ष्याचा माग लागला की हाका वाढत जातात आणि अगदी शेवटी सेकंदाला दीडशेच्या वर पोचतात. पखवाजावर लय वाढवत नेऊन समेवर यावं तसंच हे असतं, फक्त इथली सम हुकली तर पोट रिकामं राहतं.

हे सगळं इतक्या उंच पट्टीत कशाला, असा प्रश्न मला पूर्वी पडायचा. त्याचं उत्तर भाताच्या दाण्यात आहे. माणसाचा कान साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो आणि वय वाढेल तशी ही वरची मर्यादा खाली येते. ४५ किलोहर्ट्झच्या आवाजाची हवेतली एक लाट साडेसात मिलिमीटरांच्या आसपास भरते, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी. लाट जेवढी आखूड, तेवढी बारीक वस्तू तिला अडवून परत पाठवू शकते. आपल्या बोलण्यातल्या लाटा हात-हातभर लांब असतात, त्या डासाला वळसा घालून निघून जातील. डास आणि खोडकिड्याचा पतंग आवाजाने ‘दिसायचा’ असेल तर आवाज तितकाच बारीक हवा. अडचण अशी की इतका बारीक आवाज हवेत फार लवकर विरतो. म्हणून तो जोरात काढावा लागतो. कीटक खाणाऱ्या कितीतरी वटवाघळांच्या तोंडाशी हाकेची तीव्रता ११० ते १३० डेसिबलपर्यंत मोजली गेली आहे. आपल्याला ऐकू आल्या असत्या तर देवळावरच्या त्या पाच-सहा जिवांनी अख्खं भजन बुडवून टाकलं असतं.

मग त्यांचे स्वतःचे कान कसे टिकतात? प्रत्येक हाक देण्याच्या किंचित आधी कानातला एक इवलासा स्नायू आवळतो आणि ऐकू येणं मंदावतं. हाक गेली की तो सैल पडतो, आणि परतणारा प्रतिध्वनी पूर्ण उघड्या कानाने ऐकला जातो. पावणेदोन मीटरांवरच्या पतंगावरून तो परत यायला सेकंदाचा फक्त शंभरावा भाग लागतो. तेवढ्या वेळात कान मिटायचा, उघडायचा आणि पंख कुठे वळवायचे ते ठरवायचं. मला यात बुद्धीपेक्षाही तालमीची शिस्त जास्त जाणवते.

माणसाला हे कळायला फार उशीर झाला. इटलीतल्या लाझारो स्पालान्झानी यांनी १७९३ मध्ये पाहिलं की आंधळी केलेली वटवाघळंही बिनचूक उडतात. जिनिव्हाच्या लुई ज्युरीन यांनी त्यांचे कान बंद करून पाहिले, तेव्हा मात्र ती आपटू लागली. कानांनी पाहणं ही कल्पनाच त्या काळच्या विद्वानांना पटली नाही आणि प्रश्न जवळजवळ दीड शतक तसाच पडून राहिला. १९३८ मध्ये हार्वर्डचा एक विद्यार्थी, डोनाल्ड ग्रिफिन, पिंजऱ्यातली वटवाघळं घेऊन जी. डब्ल्यू. पियर्स या भौतिकशास्त्रज्ञाकडे गेला. पियर्स यांच्याकडे कीटकांचे अतिउच्च आवाज पकडणारं यंत्र होतं. यंत्रापुढे वटवाघळं धरली आणि गप्प समजला जाणारा प्राणी प्रत्यक्षात किती बोलका आहे ते समोर आलं. पुढे ग्रिफिन यांनीच या विद्येला नाव दिलं, इकोलोकेशन. मराठीत आपण प्रतिध्वनीवेध म्हणू. माझ्या झोळीतलं यंत्र त्या यंत्राच्याच कुळातलं.

भजन सुरू झालं तेव्हा मी पारावर बसले होते आणि यंत्र चालूच होतं. पहिल्या ठेक्याला टाळ वाजले आणि यंत्र एकदम कडकडलं. टाळांच्या प्रत्येक ठोक्याला पाऊस पडल्यासारखा कडकडाट. वटवाघळांच्या मागे लागणारे लोक आपलं यंत्र चालू आहे की नाही हे किल्ल्यांचा जुडगा हलवून बघतात, हे मला माहीत होतं. धातूवर धातू आपटला की आपल्याला ऐकू येतो त्याच्या वरही बराच आवाज उठतो. पण ज्या टाळांचा नाद मी लहानपणापासून ऐकत आले, त्यांचा वरचा एक मजला मला कधी ऐकूच आला नव्हता, हे त्या रात्री पहिल्यांदा कळलं. पखवाजाला यंत्र ढिम्म राहायचं, बुवांच्या चढ्या स्वरालाही. टाळ वाजले की मात्र लगेच बोलायचं. शेजारी बसलेले म्हातारे टाळकरी वाकून म्हणाले, “ताई, ह्यो रेडिओ कुठलं ठेसन लावतो?” मी यंत्र त्यांच्या कानाशी धरलं. डोक्यावरून एक वटवाघूळ गेलं, टपटप आली. मग त्यांनी स्वतःचे टाळ हलकेच एकमेकांना लावून पाहिले. पुन्हा लावले. नंतर बराच वेळ ते वाजवायचे थांबून वर बघत राहिले.

अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात वटवाघळांसाठी खरोखरीचा उत्सव होतो. काँग्रेस अॅव्हेन्यूच्या पुलाची १९८० मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हा खालच्या बाजूला काँक्रीटमध्ये अरुंद, खोल फटी राहिल्या. मेक्सिकोहून उत्तरेला येणाऱ्या मुक्तपुच्छ वटवाघळांना त्या इतक्या मानवल्या की हजारो माद्या तिथे बाळंतपणाला येऊ लागल्या. शहर घाबरलं. रेबीज पसरेल, यांना हुसकून लावा, अशी मागणी झाली. मर्लिन टटल या अभ्यासकाने वटवाघळांसाठी १९८२ मध्ये एक संस्था काढली होती. १९८६ मध्ये त्याने तिचं बस्तान ऑस्टिनलाच हलवलं आणि लोकांशी बोलत राहिला. हातात वटवाघूळ धरून छायाचित्रं दाखवायची, कोणाला न घाबरवता ऐकून घ्यायचं, हीच त्याची पद्धत. आज ऐन उन्हाळ्यात त्या पुलाखाली १५ लाखांपर्यंत वटवाघळं असतात. ऑगस्टमधल्या बॅट फेस्टला पुलावरची वाहतूक बंद करून मंच उभारतात. वाद्यवृंद वाजत असतो, लोक कठड्याशी दाटी करून उभे असतात आणि अंधार पडता पडता पुलाखालून धुराचा लोट निघावा तशी वटवाघळं पूर्वेकडे निघतात.

त्या उत्सवातली मला सर्वांत भावणारी गोष्ट तिथल्या गर्दीतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल. ज्यांच्यासाठी ते गाणं-बजावणं चालतं ती वटवाघळं स्वतः गाणारी आहेत. मुक्तपुच्छ वटवाघळांचे नर माद्यांना बोलावताना चिवचिव, कंप आणि गुणगुण अशा तुकड्यांची गाणी बांधतात. हे तुकडे जोडायला नियम असतात, पण गवई समोरचा श्रोता पाहून बंदिशीत फेरफार करतो तसा प्रत्येक नर आपली फिरत बदलत राहतो. टेक्सासमध्येच झालेला हा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला.

या कुळातलं एक वटवाघूळ आपल्या फार जवळ आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात तळेवाडीजवळ बारापेडे नावाच्या गुहा आहेत. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सस्तन प्राण्यांच्या सर्वेक्षणात १९१२ मध्ये तिथे एक मोठ्या कानांचं, दुरंगी, देखणं वटवाघूळ मिळालं. पुढच्या वर्षी ऑल्डफील्ड थॉमस यांनी त्याला रॉटन यांचं नाव दिलं. हे रॉटन मुंबई इलाख्यातले वनाधिकारी आणि सस्तन प्राण्यांचे मोठे जाणकार. जवळजवळ नव्वद वर्षं हे वटवाघूळ जगात फक्त त्या एका ठिकाणचं म्हणून माहीत होतं. नंतर ते कंबोडियात आणि मेघालयात सापडलं. त्याची हाक २० किलोहर्ट्झच्या खाली उतरते. त्यामुळे तरुण, तिखट कानाच्या माणसाला तिथे यंत्राशिवायही काहीतरी ऐकू येऊ शकतं.

आपल्याकडे मे-जूनमध्ये काजव्यांसाठी केवढी झुंबड उडते. अकोले तालुक्यात काजवा महोत्सव भरतो, राजमाचीकडे जाणारे कितीतरी लोक कर्जतला उतरून कोंदिवड्याकडून चढतात. वाटेत कोंडाणे लेणी लागतात. कान्हाचा शिष्य बलक याने काम केल्याचा ब्राह्मी लेख तिथे आहे. पण या साऱ्या रात्रभराच्या चालीत डोक्यावरून कोण गेलं हे बघायला कोणी मान वर करत नाही. वाघळं म्हटलं की केसांत गुंततात, रक्त पितात, अपशकुन होतो. रक्तावर जगणाऱ्या जाती जगात तीनच, आणि त्या मध्य व दक्षिण अमेरिकेत. भारतात वटवाघळांच्या सुमारे १३० जाती नोंदलेल्या आहेत, त्यांतली एकही तसली नाही. नावातला ‘वाघ’सुद्धा वाघाचा नव्हे. संस्कृतातल्या ‘वल्गुली’पासून घासत-गुळगुळीत होत तो शब्द वाघूळपर्यंत आला.

कायद्यानेही त्यांना बरं वागवलं नव्हतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात उपद्रवी प्राण्यांची एक अनुसूची होती. कावळे, उंदीर आणि घुशी यांच्या पंगतीला फळं खाणारी वटवाघळं बसवलेली होती. म्हणजे ती मारायला कोणाची आडकाठी नव्हती. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच काढून टाकली आणि १ एप्रिल २०२३ पासून बदल लागू झाला. पन्नास वर्षं लागली. बिहारमधल्या वैशाली जिल्ह्यात सरसई गाव मात्र पिढ्यान्पिढ्या आपल्या तळ्याकाठच्या वाघळांना पूजत आलं आहे आणि तमिळनाडूत काही गावं वडावरच्या वाघळांना त्रास नको म्हणून दिवाळीत फटाके वाजवत नाहीत. उत्सवाच्या दिवशी आवाज न करण्याचा हा निर्णय मला ऑस्टिनच्या मंचापेक्षाही मोठा वाटतो.

त्या रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद झाला. नियमच आहे, रात्री दहा ते सकाळी सहा. सरकारने वर्षातले मोजके दिवस बाराची सवलत दिली तरच पुढे. बुवांनी कुरकुर केली नाही. भजन उघड्या गळ्यावर आलं आणि जरा खालच्या पट्टीत गेलं. मांडवाच्या टोकाला एक प्रखर दिवा होता, त्याभोवती पतंगांचा भोवरा आणि भोवऱ्यात पिपिस्ट्रेल. उजेडाचं असं आहे की चपळ, उघड्यावर शिकार करणाऱ्या वटवाघळांची त्यावर चंगळ होते, पण झाडीच्या आत हळू उडणाऱ्या नालनाक्या आणि पर्णनाक्या जाती उजेडापासून दूर पळतात. गेल्या काही वर्षांत कर्जत-खालापूरच्या डोंगरपायथ्याशी शेतघरं आणि रिसॉर्टं वाढली. त्यांच्या कुंपणावरचे रात्रभर जळणारे दिवे त्या लाजऱ्या जातींच्या वाटा बंद करत आहेत, याची मला मनापासून काळजी वाटते. युरोपात झालेल्या प्रयोगात असंही दिसलं की पानांवर किडा चालल्याची खसखस ऐकून शिकार करणारी वटवाघळं रस्त्याच्या गोंगाटात शिकारच टाळतात. लग्नसराईत मोठ्या आवाजाच्या डीजेने छाती हादरते तेव्हा ऐन रानाच्या कडेला कोण उपाशी राहत असेल, याचा विचार मनात येतोच.

आणि या तालुक्याला तर कीटक खाणाऱ्यांची गरज फार. कोकण कृषी विद्यापीठाचं भाताचं संशोधन केंद्र कर्जतलाच आहे, ‘कर्जत’ नावाच्या भातजाती तिथल्याच. थायलंडमध्ये एका अभ्यासात हिशेब मांडला गेला की सुरकुतलेल्या ओठांची वटवाघळं पांढऱ्या पाठीचे तुडतुडे खाऊन वर्षाला सुमारे २,९०० टन भात वाचवतात. आपल्या भातखाचरांवर कोण किती खातं याची मोजणी कर्जतमध्ये व्हायला हवी असं मला फार वाटतं. त्या रात्री कालव्यावर मी यंत्र धरलं तेव्हा दाणा भरलेल्या शेतावरून अखंड टपटप चालू होती. मधूनच एखादं वटवाघूळ पाण्याला तोंड टेकवून घोट घेत निघून जायचं. पाण्यावर एक रेघ उठायची आणि चांदणं हलायचं.

मध्यरात्रीनंतर मावशी मला गावाबाहेरच्या मोहाकडे घेऊन गेली. “अगं, तुझ्या मशिनीला इथं काय ऐकू यायचं नाही,” ती म्हणाली आणि ते खरं निघालं. फळं खाणारी मोठी वटवाघळं प्रतिध्वनीवर उडत नाहीत, मोठे डोळे आणि तीक्ष्ण नाक त्यांना पुरतं. गुहेत राहणारं रुसेट तेवढं जिभेने टक्टक् करून अंधारात वाट काढतं. इथे यंत्र लागतच नव्हतं. मोहाचा गोड, आंबूस वास खालपर्यंत उतरला होता आणि वरून पंखांची फडफड, चिडचिड, भांडण स्पष्ट ऐकू येत होतं. अंगाने किलो-दीड किलो भरणारी, पंख पसरले की मीटरभराहून रुंद अशी उडती कोल्ही चंद्राच्या उजेडात झाडावर उतरत होती, उलटी लटकून सरकत होती. चैत्रात त्यांच्या माद्यांची पिल्लं लहान असतात. सुरुवातीचे काही आठवडे आई पिल्लाला छातीशी धरूनच चाऱ्याला जाते. एका मादीच्या पोटाशी तसा काळा गोळा दिसल्यासारखा मला वाटला, पण सावल्या फार होत्या.

मोहाचं फूल रात्री तयार होतं. त्याच्या पाकळ्या एकमेकींना चिकटून रसाळ, साखरेने भरलेली एक पोकळ गोळी बनते आणि पराग ग्रहण करणारी दांडी आधीच बाहेर डोकावत असते. वटवाघूळ तोंडाने ती गोळी ओढतं तेव्हा थोबाडाला लागलेले परागकण पुढच्या फुलाला पोचतात. लहान, आखूड थोबाडाची वटवाघळं तर गोळी घेऊन शेजारच्या झाडावर जातात आणि तिथे निवांत चोखतात. जून लागता-लागता फळं पिकतात, तेव्हा हीच मंडळी बिया दूर नेऊन टाकतात. कर्जत-खालापूरच्या ठाकर आणि कातकरी वाड्यांवर मोहाला जे स्थान आहे त्यात या रात्रीच्या कामगारांचा वाटा आहे, आणि तो आपण कधी मोजत नाही.

परतताना मावशीने निपाहचं विचारलं. २०१८ मध्ये केरळात माणसं गेली तेव्हापासून तिच्या मनात ती धास्ती बसली आहे. धास्ती खोटी नाही. बांगलादेशात वटवाघळांनी तोंड लावलेला खजुरीचा कच्चा रस पिऊन लोकांना लागण झाली, म्हणून तिथे रसाच्या मडक्याभोवती बांबूच्या कामट्यांचं आवरण बांधू लागले. वाघूळ मडक्यापर्यंत पोचत नाही आणि रसही वाया जात नाही. आपल्याकडे शिंदी आणि ताडाला मडकी बांधणाऱ्यांनीही ती झाकावीत, वाघळांनी उष्टावलेलं फळ खाऊ नये, पडलेल्या वाघळाला उघड्या हाताने उचलू नये. एवढं पाळलं तर एकाच झाडाखाली आपण आणि ती निर्धास्त राहू शकतो. झाडं तोडून त्यांना हाकललं तर ती घाबरी होऊन आणखी जवळ येतात. मावशीने ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग उद्या फुलं वेचायची का नाही?” मी म्हटलं, दातांची खूण असलेली टाकून दे, बाकीची धुऊन वाळव.

पहाटे कीर्तन रंगात आलं होतं. देवळात पाळणा सजला होता. पूर्वेला ढाकच्या बाजूचा कडा करडा होत चालला होता आणि मोहाखाली पाचोळा झाडून केलेल्या स्वच्छ जागेत दोन बायका टोपल्या घेऊन वाकल्या होत्या. टप् असा आवाज येत होता, मग पुन्हा टप्. माझं यंत्र झोळीत बंद पडलं होतं. ही फुलं होती, झाडावरून आपोआप गळणारी. एकीने एक फूल उचलून उजेडाकडे धरलं, उलटून पाहिलं आणि बाजूला टाकलं. देवळातून जन्माचा गजर उठला, टाळ एकदम वाजले आणि शेवटची दोन वटवाघळं कौलांच्या फटीत शिरली.